नॅनो-सोनं, उंदीर आणि ऑटिझम: यातलं आमच्या मुलांपर्यंत काय पोहोचतं?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

माझा मुलगा सात वर्षांचा आहे. साडेतीन वर्षांचा असताना ऑटिझमचं निदान झालं. दोन-तीन शब्दांत बोलतो, तेही त्याला हवं असेल तेव्हा. ऑक्युपेशनल थेरपी (ओटी) आणि स्पीच थेरपी सुरू आहे, त्यासाठी कराडहून आठवड्यातून दोनदा साताऱ्याला जातो. मागच्या आठवड्यात नणंदेने व्हॉट्सॲपवर बातमी पाठवली, "सोन्याच्या नॅनोकणांनी उंदरांचा ऑटिझम बरा". दोन दिवसांनी तिनेच एका केंद्राचं पत्रक पाठवलं. "नॅनो सुवर्ण थेंब", तीन महिन्यांचा कोर्स, अठ्ठेचाळीस हजार रुपये. पत्रकात तीच बातमी छापली आहे. वर उंदराचा फोटो आणि खाली हसणारं बाळ.

सासूबाई म्हणाल्या, माझ्या पाटल्या मोडा. त्यांच्या लग्नातल्या आहेत. घरात कुणाचाच हेतू वाईट नाही, म्हणून मला जास्त जड जातंय.

बातमी खरी आहे का? खरी असेल तर हे थेंब म्हणजे तेच का? नुसतं "थोतांड आहे, सोडा" असं लिहू नका, नीट समजावून सांगा. रविवारी सगळ्यांसमोर मला बोलायचंय.

जाता जाता आणखी एक. केस कापताना मशीन लावलं की तो किंचाळतो, दुकानाबाहेर पळतो. कुणाकडे उपाय असेल तर सांगा.

पेठेतला_पोपट
आधी पैसे भरू नका, एवढंच सांगतो. बाकी जाणकार येतीलच.

प्रयोगवही
ताई, मी पुण्यात औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं उंदीर-घुशींवर काम केलंय. तुमची बातमी खरी आहे. काम २०१८ चं आहे, कॅलिफोर्नियातलं बर्कली विद्यापीठ आणि टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या संशोधकांचं. नीरेन मूर्ती आणि हे यंग ली ही त्यातली प्रमुख नावं. पद्धतीला क्रिस्पर-गोल्ड म्हणतात, क्रिस्पर म्हणजे जनुक कापायचं तंत्र आणि गोल्ड म्हणजे सोनं.

त्यात सोन्याने काय केलं ते बघा. फ्रॅजाइल एक्स नावाचा जनुकीय विकार आहे. त्यात एक्स गुणसूत्रावरचं एफएमआर१ हे जनुक गप्प पडतं आणि मेंदूच्या पेशींवरच्या एमग्लूआर५ या रिसेप्टरचं (निरोप पकडणाऱ्या प्रथिनाचं) काम हाताबाहेर जातं. उंदरांमध्ये हेच जनुक मुद्दाम बंद करून विकाराची नक्कल करतात. या लोकांना त्या रिसेप्टरचं जनुक कापायचं होतं. कापायला कात्री हवी, ती म्हणजे कॅस९ हे प्रथिन. पण प्रथिन आपणहून पेशीत शिरत नाही. म्हणून सोन्याचा कण घेतला, त्याला डीएनएचे धागे चिकटवले, धाग्यांवर कात्री बसवली आणि वरून पॉलिमरचं आवरण दिलं. सोनं म्हणजे टेम्पो. माल आत उतरवला की टेम्पोचं काम संपलं.

आणि हा टेम्पो तोंडावाटे गेलेला नाही. कवटीला बारीक भोक पाडून, सुईने थेट मेंदूतल्या स्ट्रायटम या भागात सोडलाय. तिथे रिसेप्टर ४० ते ५० टक्क्यांनी कमी झाला. उंदरांचं सतत खणणं सुमारे ३० टक्क्यांनी आणि उड्या मारणं सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. काम सुंदर आहे, मी ते वाचलं तेव्हा रात्रभर झोपलो नव्हतो. पण तुमच्या पत्रकातल्या थेंबांत कात्री नाही आणि त्यांना मेंदूपर्यंत वाटही नाही. फक्त "सोनं" हा शब्द दोन्हीकडे आहे.

कृष्णाकाठ
दादा, टेम्पोचं अगदी डोक्यात बसलं. पण पोटातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत असं थोडंसं तरी जात नसेल का? कण एवढे बारीक असतात म्हणे.

प्रयोगवही
बारीक असतात हे खरंच. नॅनो म्हणजे साधारण १ ते १०० नॅनोमीटर, आणि आपला केस ८० हजार नॅनोमीटरच्या आसपास जाड. पण मेंदूच्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या असतात की साध्या औषधाच्या रेणूंनाही तिथे अडवलं जातं. नॅनोकण तर त्या रेणूंच्या कितीतरी पट मोठे. रक्तात गेलेले बहुतेक कण यकृत आणि प्लीहा गिळून टाकतात. कर्करोगाच्या गाठींचं उदाहरण घ्या. तिथे ही भिंत नसते, तरी दहा वर्षांतल्या प्रयोगांचा २०१६ मध्ये आढावा घेतला तेव्हा टोचलेल्या कणांपैकी गाठीपर्यंत पोहोचण्याचा मध्यक (अर्धे निकाल याखाली, अर्धे वर) ०.७ टक्के निघाला. आणि हे शिरेतून टोचलेले कण होते, तोंडातून घेतलेले नव्हेत.

म्हणूनच बरेच जण नाकावाटे औषध देऊन बघतात, गंधाच्या मज्जातंतूंवरून मेंदूकडे एक आडवाट आहे. पण घुशीच्या नाकाचा निम्मा भाग वास घेण्यासाठी असतो आणि माणसाचा जेमतेम दहा टक्क्यांपर्यंत. घुशीला जो हमरस्ता आहे तो आपल्याला बोळ आहे.

गोदातीर_वैद्य
मी नाशिकला वैद्यकी करतो. सुवर्णप्राशनाचा विषय निघणारच, म्हणून आधीच लिहितो. काश्यपसंहितेत लहान बाळांना सुवर्णप्राशन सांगितलं आहे, पुष्य नक्षत्राला आपल्याकडे लोक मुलांना घेऊन रांगा लावतात. माझ्याकडेही येतात. सुवर्णभस्मात नॅनो आकाराचे कण सापडल्याचे अभ्यास आहेत, पण तेवढ्यावर त्याचं नातं अमेरिकेतल्या जनुक कापण्याच्या प्रयोगाशी जोडणं हे आयुर्वेदावरही अन्याय करणारं आहे. ग्रंथात ऑटिझमसाठी असं कुठे म्हटलेलं नाही. आमच्या शास्त्राचा आधार घ्यायचा तर शास्त्राने घ्या, पत्रकावरच्या उंदराने नको. ताई, पाटल्या राहू द्यात.

सांगलीकर
वैद्यबुवांना दंडवत. सोनं नको तर आमच्या सांगलीची हळद चालेल का? मी गमतीने विचारत नाही. हळदीच्या नॅनोकणांचं काहीतरी मीही वाचलं होतं. आम्ही पिढीजात हळदवाले, घरात तीन पोती कायम.

प्रयोगवही
@सांगलीकर, बरोबर वाचलंत. हळदीतलं कर्क्युमिन घुशींना देऊन ऑटिझमसारख्या लक्षणांवर बघितलं गेलंय. पण पोटातून ते फारच थोडं शोषलं जातं, बरंचसं तसंच बाहेर पडतं. म्हणून ते स्निग्ध पदार्थांच्या नॅनोकणांत भरून द्यायचं. हळदीचं दूध रात्री खुशाल द्या, दूध म्हणून. उपचार म्हणून त्यावर भार टाकू नका.

आता मला जे खरं सांगायचंय ते. "उंदरांचा ऑटिझम" म्हणजे काय? एक पद्धत अशी की गाभण घुशीला साडेबाराव्या दिवशी व्हॅल्प्रोएट हे फिटचं औषध मोठ्या मात्रेत टोचतात. पिल्लं होतात ती एकलकोंडी. कित्येकांची शेपूट वाकडी असते, हातात घेतलं की बोटाला गाठ लागते. (हे औषध गर्भारपणात घेणं माणसांतही धोक्याचं आहे. डेन्मार्कच्या २०१३ च्या अभ्यासात अशा मुलांमध्ये ऑटिझमचं प्रमाण ४.४२ टक्के निघालं, एकूण मुलांत ते १.५३ टक्के होतं. पण फिटचं औषध कुणी मनाने बंद करू नये, डॉक्टरांशी बोलूनच.) दुसरी पद्धत जनुक बदललेल्या उंदरांची.

मग मोजायचं कसं? पिंजऱ्यात पाच सेंटिमीटर लाकडाचा भुसा पसरायचा, वर काचेच्या वीस गोट्या ओळीत मांडायच्या आणि उंदीर अर्धा तास सोडायचा. नंतर किती गोट्या दोन तृतीयांशाहून जास्त पुरल्या गेल्या ते मोजायचं. पुन्हापुन्हा करायच्या वागण्याचं माप म्हणजे हे. मी हे शेकडो वेळा केलंय. उंदीर मागच्या पायांनी भुसा उडवत असतो, त्याला गोट्यांशी काही देणंघेणं आहे की नुसतं खणायचंय, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मिळून-मिसळून वागणं मोजायला तीन खोल्यांची पेटी असते. एका टोकाला जाळीत अनोळखी उंदीर, दुसऱ्या टोकाला रिकामी जाळी. दहा मिनिटांत तो कुणाजवळ किती वेळ बसला ते बघायचं.

या मापांवर "सुधारला" म्हणतो आम्ही. आई म्हणून हाक मारणं यात कुठेच मोजलं जात नाही.

अबोली_निळी
हा धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवेना. मी एकतीस वर्षांची आहे, ऑटिस्टिक आहे, निदान सत्ताविसाव्या वर्षी झालं. मुंबईत बँकेत नोकरी करते.

त्या गोट्यांचं वाचून मला लहानपण आठवलं. मी बटणं रंगाप्रमाणे लावत बसायचे, तासन्‌तास. आजी ओरडायची, बाबा उधळून द्यायचे. ती बटणं लावताना माझ्या डोक्यातला गोंगाट थांबायचा. आता कुणी सांगितलं, असा कण आहे की बटणं लावणं तीस टक्के कमी होईल, तर मी विचारेन की गोंगाटाचं काय करणार आहात? संशोधन थांबवा असं म्हणत नाही. पण "बरा" हा शब्द वाचताना आमच्यासारखी माणसंही तो वाचत असतात.

एडिसनकर
@अबोली_निळी, तुमचं पटतं, आणि तरीही मला वेगळं बोलायचंय. मी न्यू जर्सीत आहे, मुलगा पंधरा वर्षांचा. बोलत नाही. त्याचं पुन्हापुन्हाचं वागणं म्हणजे स्वतःच्या कपाळावर मनगट आपटणं. गेल्या हिवाळ्यात भुवई फाटली, सात टाके. त्याला हेल्मेट घालून झोपवतो आम्ही. तीस टक्के कमी होणार असेल तर माझ्या घरात तो सण असेल. उंदीर कसा मोजला याची चर्चा तुम्ही करा, करायलाच हवी. मी मात्र दर महिन्याला नवीन काय आलं ते शोधत असतो आणि शोधत राहणार.

अबोली_निळी
दादा, टाके वाचून पोटात कालवलं. मी बटणांबद्दल बोलत होते, तुम्ही रक्ताबद्दल बोलताय. दोन्हीला एकच नाव पडलंय, ही त्या मापाचीच अडचण आहे बहुतेक.

एडिसनकर
अगदी बरोबर बोललात.

कृष्णाकाठ ताईंसाठी एक जुनी गोष्ट सांगतो, इथल्या जुन्या पालकांना ती तोंडपाठ आहे. १९९८ मध्ये सिक्रेटिन नावाच्या आतड्याच्या हार्मोनचं इंजेक्शन दिल्यावर तीन ऑटिस्टिक मुलं सुधारल्याचं प्रसिद्ध झालं. हजारो पालक धावले. १९९९ च्या अखेरीस नीट चाचणी छापून आली, साठ मुलं, निम्म्यांना सिक्रेटिन, निम्म्यांना मिठाचं पाणी. सुधारणा दिसली ती दोन्ही गटांत, सारखीच. आणि निकाल सांगितल्यावरही ६९ टक्के पालक म्हणाले की आम्हाला अजून या उपचारात रस आहे. मी त्या पालकांना हसू शकत नाही. मीही त्यातलाच झालो असतो.

प्रयोगवही
एडिसनकरांनी फार मोलाचं लिहिलं. त्याला जोडून. क्रिस्पर-गोल्डने जो रिसेप्टर कमी केला, त्याच एमग्लूआर५ ला अडवणाऱ्या गोळ्या आधी निघाल्या होत्या. फ्रॅजाइल एक्सच्या उंदरांत त्या छान चालल्या. माणसांच्या चाचण्यांत चालल्या नाहीत, नोव्हार्टिस कंपनीने मॅवोग्लुरंट या गोळीचा तो कार्यक्रम २०१४ मध्ये बंद केला. बुमेटनाइड या लघवी वाढवणाऱ्या औषधाच्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचण्या २०२१ मध्ये थांबल्या. ऑक्सिटोसिन या हार्मोनचा नाकातला फवारा २९० मुलांवर तपासला, २०२१ मध्येच निकाल आला, फायदा नाही. यातलं प्रत्येक औषध आधी कुठल्या ना कुठल्या प्राण्यात चाललेलं होतं. अमेरिकेत ऑटिझमसाठी मान्यता असलेली औषधं आजही दोनच, रिस्पेरिडोन (२००६) आणि ॲरिपिप्राझोल (२००९). तीही चिडचिड, आक्रमकपणा यांसाठी.

तरी मी या कामाला फुकट म्हणत नाही. कोविडच्या एमआरएनए लसी स्निग्ध नॅनोकणांतूनच दिल्या गेल्या, वाहन म्हणून नॅनोकण सिद्ध झालेत. ज्या दिवशी मेंदूपर्यंत सुईशिवाय नेणारं वाहन मिळेल, त्या दिवशी फ्रॅजाइल एक्ससारख्या एकाच जनुकाच्या विकारांत खरी आशा आहे असं मला मनापासून वाटतं. मात्र तिथेही त्या-त्या जनुकाचा उपचार असेल, "ऑटिझम"चा नव्हे.

रसायनी
उलट बाजूही असू दे. सगळे नॅनोकण गरीब नसतात. टायटॅनियम डायऑक्साइडचे नॅनोकण गाभण उंदरिणींना दिले तर पिल्लांच्या वागण्यात ऑटिझमशी मिळतेजुळते बदल दिसले, असा २०१८ चा अभ्यास आहे. पांढऱ्या रंगासाठी खाण्यात वापरायला युरोपीय संघाने हा पदार्थ २०२२ मध्ये बंद केला. उंदरावरचा हाही अभ्यासच, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण "नॅनो आहे म्हणजे साइड इफेक्ट नाही" असं पत्रकात लिहिलं असेल तर ते चूक.

कृष्णाकाठ
@रसायनी, शब्दशः तसंच लिहिलंय! "नॅनो असल्याने शून्य दुष्परिणाम".

पेठेतला_पोपट
शून्य परिणाम म्हणायचं असेल, "दुष्" चुकून छापलं गेलं.

शाळेतल्या_बाई
मी विशेष शिक्षिका, कोल्हापुरात बावीस वर्षं झाली. माझ्या डोळ्यांसमोर बरंच काही आलं आणि गेलं. एका पालकांनी स्टेम सेलच्या (मूळपेशींच्या) उपचारासाठी शेताचा तुकडा विकला. मुलगी होती तशीच राहिली, वर थेरपीला पैसे उरले नाहीत म्हणून तीही सुटली. २०२२ च्या डिसेंबरात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळाने सांगितलं की ऑटिझमवर स्टेम सेलची शिफारस करता येत नाही. तोवर शेत गेलं होतं.

आणि पैसेच जातात असं नाही. शरीरातले धातू काढायच्या नावाखाली दिलेल्या चिलेशनमध्ये २००५ मध्ये अमेरिकेत एक पाच वर्षांचा मुलगा दगावला.

ताई, त्या केंद्राला फोन करून तीन गोष्टी विचारा. चाचणीचा सीटीआरआय क्रमांक काय? (भारतात माणसांवरच्या औषध-चाचण्यांची तिथे नोंद करावी लागते, आपल्याला ती ऑनलाइन फुकट बघता येते.) नीतिसमिती कोणती? आणि चाचणी असेल तर पालकांकडून पैसे का घेता? उत्तर कागदावर मागा.

दुसरं, मुलाची फ्रॅजाइल एक्सची तपासणी झाली आहे का? साधी रक्ताची तपासणी असते. हजारोंच्या थेंबांपेक्षा ती आधी. तिसरं, निरामय विमा काढलाय का? राष्ट्रीय न्यासाची योजना, वर्षाला एक लाखापर्यंत, थेरपीचा खर्चही काही प्रमाणात मिळतो. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) लागेल.

सांगलीकर
बाईंची पोस्ट जपून ठेवली. आमच्या पुतण्यासाठी लागेल.

केसांचं राहूनच गेलं की! पुतण्याचं सांगतो. त्याला आवाजापेक्षा मानेवरची थरथर सहन व्हायची नाही. आम्ही बंद मशीन आठवडाभर घरी खेळायला दिलं. मग चालू करून आधी माझ्या हाताला लावलं, मग त्याच्या हाताला. मानेपर्यंत पोहोचायला दोन महिने लागले.

अबोली_निळी
मला अजूनही मशीन चालत नाही, कात्रीच. आणि ती प्लास्टिकची चादर गळ्याशी आवळतात ना, ती नको. जुना सुती शर्ट उलटा घालून बसवा. कापलेले केस मानेवर टोचतात ते मला सुईसारखे वाटतात, त्यामुळे मधेमधे ओल्या फडक्याने पुसायला सांगा. दुकान बंद व्हायच्या वेळी जा, टीव्ही आणि गर्दी नसते.

एडिसनकर
+१. आम्ही तर घरी अंगणात बसवून कापतो.

प्रयोगवही
अवांतर वाटेल, पण लिहितो. आमच्याकडे प्रयोगाआधी आठवडाभर रोज पाच मिनिटं उंदीर नुसता हातात धरायचा नियम होता, नाहीतर घाबरलेल्या उंदराची मापं चुकतात. सांगलीकरांचं मशीन वाचून तेच आठवलं.

कृष्णाकाठ
मंडळी, रविवार झाला. उशिरा लिहितेय, क्षमस्व.

सगळ्यांना बसवून टेम्पोची गोष्ट सांगितली. सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला, "म्हणजे त्या उंदराच्या डोक्याला भोक पाडलं होतं?" हो म्हटल्यावर त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "पत्रकात ते का नाही लिहिलं?" पाटल्या परत डब्यात गेल्या. नणंद थोडी नाराज आहे, तिला वाटलं मी तिच्यावर बोट ठेवलं. तिच्याशी वेगळं बोलेन, ती माझ्या मुलासाठी रात्री जागून शोधत असते.

केंद्राला फोन केला. सीटीआरआय म्हटल्यावर "सरांना विचारून कळवतो" म्हणाले. आज चौथा दिवस, फोन नाही.

फ्रॅजाइल एक्सची तपासणी डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच लिहून दिली होती, फाइलमध्ये तो कागद तसाच पडून होता. काल रक्त दिलं. रिपोर्टला तीन-चार आठवडे लागतील. निरामयचा अर्ज भरलाय, यूडीआयडीची प्रत जोडायची बाकी आहे.

आणि केस. सोमवारी रात्री साडेनऊला गेलो. केस कापणाऱ्या दादांनी टीव्ही बंद केला, अर्धं शटर ओढलं. यांचा जुना शर्ट उलटा घातला, कात्रीने काम केलं. अर्ध्यावर तो उठला, दारापर्यंत गेला, आणि स्वतःच परत येऊन बसला. डाव्या कानामागे थोडे केस लांब राहिलेत. ते पुढच्या वेळी.

शाळेतल्या_बाई
रिपोर्ट आला की इथेच कळवा. प्रतीची अडचण आली तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, अर्ज कुठे अडतो ते मला माहीत आहे.